सीतव्वा प्रत्येक तालुक्यात कुठून आणायच्या?

प्रति,
मा. लक्ष्मी हेब्बाळकर,
महिला व बालविकास मंत्री, कर्नाटक सरकार



लक्ष्मीताई, २०१८ साली आपल्या जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी यांना पद्मश्री मिळाली. सातव्या वर्षी देवाला सोडलेली मुलगी. पुढे तीच घटप्रभेच्या ‘मास’ या संस्थेच्या कामात उतरली, देवदासी बायकांच्या दारोदार फिरली, त्यांच्या मुलींना देवाला सोडू दिले नाही, बचत गट उभे केले, पोलीस आणि तहसीलदार यांच्यासमोर जाऊन बसली. ज्या प्रथेने तिचे बालपण खाल्ले, त्या प्रथेतून हजारो बायकांना बाहेर काढण्यात तिचे उभे आयुष्य गेले. तो पद्म पुरस्कार दिल्लीत दिला गेला, पण तो कमावला गेला चिकोडी, गोकाक, सौंदत्ती या पट्ट्यातल्या धुळीत.

हे पत्र अभिनंदनाचे नाही. अशा बाईचा सत्कार झाला की सगळे टाळ्या वाजवतात आणि तिने एकटीने ओढलेले काम पुन्हा तिच्याच अंगावर टाकून घरी जातात. ते काम मुळात कुणाचे होते, हा प्रश्न मला आपल्याला विचारायचा आहे. आपण या खात्याच्या मंत्री आहात, बेळगाव ग्रामीणच्या आमदार आहात, इथली मराठी आपल्याला कळते आणि बोलताही येते. म्हणून हे पत्र मराठीतच लिहिते.

मी कंग्राळी बुद्रुकची. मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. शाळेत असल्यापासून गावातल्या बायका माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायच्या. रेशन कार्डात नाव घालायचे, विधवा पेन्शन अडकली आहे, घराचा उतारा हवा. अर्ज लिहून झाला तरी एखादी उठायची नाही. एपीएमसीला भाजी घालून परत आलेली असायची, बुट्टी रिकामी, तरी घाई नाही. मग पदर सारून दंड दाखवायची आणि हळूच म्हणायची, “बाई, परत मारूलाय ओ.” या बायकांना मी काय दिले? एक कागद, एक पेन आणि शहरातल्या एखाद्या वकिलाचा पत्ता. यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते. ज्याच्या हातात आहे, त्यानेही एवढ्यावरच थांबावे, हे मला मान्य नाही.

आपल्या राज्याचा आकडा आपल्याला ठाऊक असेल, तरी इथे लिहिते, कारण त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत कर्नाटकातल्या विवाहित स्त्रियांपैकी २०.६ टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा छळ झाल्याचे सांगितले होते. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीत, तोच आकडा ४४.४ टक्के झाला. त्या फेरीत देशाची सरासरी २९.३ होती. कुणी म्हणेल, मार वाढला नसेल, बायका आता बोलू लागल्या असतील. तसे असेल तर फार चांगले. पण मग बोललेल्या बाईचे ऐकायला कोण बसले आहे?

कायद्याने एकाला बसवले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. बाईने त्याला सांगायचे, त्याने घटनेचा अहवाल भरायचा, तिला दवाखान्यात, निवारागृहात, विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यायचे, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तिचा अर्ज पोचवायचा आणि आदेश निघाला की तो पाळला जातो की नाही ते पाहायचे. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच म्हणतो. घर तिच्या नावावर नसले तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, असेही म्हणतो. आणि नवऱ्याने संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. इतका चांगला कायदा आपल्याकडे आहे.

आता हा संरक्षण अधिकारी कोण, ते पाहू. कर्नाटकात ही जबाबदारी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, म्हणजे सीडीपीओंकडे, दिली आहे. त्याच सीडीपीओंकडे तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्या, पोषण आहार, सेविकांच्या नेमणुका, बैठका, अहवाल आणि २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे काम. माझा रोष त्या अधिकाऱ्यांवर नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी जीव तोडून काम करतात. पण अंगणवाडीचा तांदूळ पोचला नाही तर वरून फोन येतो. एखादी सून मार खाऊन माहेरी गेली, तर कुणाचा फोन येत नाही. ज्या कामाबद्दल वरून कोणी विचारत नाही, ते काम कोणत्याही ऑफिसात शेवटच्या फायलीत जाते. आणि घरात मारहाण होते ती बहुतेक रात्री, नाहीतर रविवारी. ऑफिसची वेळ पाळून कोणी बायकोला मारत नाही.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले, की महिला व बालविकास खात्यातल्या अधिकाऱ्यांची जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून सहा आठवड्यांत नेमणूक करा आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोचवा. कागदावर पाहिले तर कर्नाटकात नेमणूक आधीच झालेली आहे, म्हणजे आदेशाचे पालनही झालेले दिसेल. बाईला मात्र कागदावरचे नाव उपयोगाचे नाही. तिला दार उघडणारे माणूस हवे.

आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमेबद्दल. काळजी करू नका, सीमाप्रश्न या पत्रात उकरत नाही. तो सर्वोच्च न्यायालयात आहे आणि माझे त्यावरचे मत मी इतर ठिकाणी मांडते. पण आपल्या पट्ट्यातली लग्ने सीमा विचारून ठरत नाहीत. कंग्राळी, हिंडलगा, उचगाव इथे चंदगडच्या सुना आहेत. निपाणीच्या लेकी कागल आणि गडहिंग्लजला दिलेल्या आहेत. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात, हे आपल्याकडे नवल नाही.

अशी एक मुलगी माझ्याकडे आली होती. माहेर चंदगड तालुक्यात, सासर इकडे. तिच्याजवळ प्लास्टिकची एक पिशवी होती आणि त्यात तिचा सगळा संसार: रेशन कार्डाची झेरॉक्स, लहान मुलाचे लसीकरणाचे कार्ड, मोबाईलचा चार्जर आणि दवाखान्याचा एक कागद. त्या कागदावर डॉक्टरांनी लिहिले होते, ‘पाय घसरून पडल्याने मार’. कारण नवरा शेजारीच उभा होता आणि तिने तेच सांगितले होते. माहेरच्या ठाण्यात तिला सांगण्यात आले, प्रकार तिकडे घडला, तिकडे जा. इकडच्या ठाण्यात तिने तोंडी जे सांगितले, ते कन्नडमध्ये टाईप झाले. खाली तिने मराठीत सही केली. सही सुंदर होती, वळणदार. वर काय लिहिले आहे, हे तिला एका ओळीचेही कळत नव्हते.

कायदा यातल्या प्रत्येक ठिकाणी तिच्या बाजूने होता. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २७ सांगते, की ती जिथे राहते, अगदी तात्पुरती राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते आणि तो आदेश भारतभर लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात स्पष्ट केले, की छळामुळे सासर सोडून बाई जिथे आसरा घेते, तिथेही छळाची फिर्याद दाखल होऊ शकते. राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येक माणसाला हक्क देते, की आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडता येते. म्हणजे चंदगडचे ठाणेही चुकले आणि इकडचेही. पण हे त्या मुलीला कोण सांगणार? तिच्या वतीने ठाण्यात जाऊन हे कलम कोण दाखवणार? ती माझ्याकडे आली, कारण मी अर्ज लिहिते हे तिला कोणीतरी सांगितले होते. तेवढ्या योगायोगावर तिचा जीव टांगलेला होता.

या योगायोगाचीच मला चीड आहे. आपल्या भागात बायकांच्या बाजूने जे काही झाले, ते बहुतेक वेळा असे एकेका माणसाच्या आयुष्यातून झाले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायका दिवसभर धुळीत खोकत, ओकत काम करायच्या आणि मालक-मुकादमांचा छळ सोसायच्या. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशींसारखा अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजचा प्राध्यापक त्यांच्यात जाऊन बसला, संघटना उभी राहिली, संप झाले. त्यावर १९८२ साली ‘युगांतर’ नावाच्या गटाने ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला, त्यात बोलणाऱ्या बायका आपल्याच गावांच्या. याच गटाने पुढच्याच वर्षी हैदराबादच्या स्त्रियांबरोबर घरातल्या मारहाणीवर चित्रपट केला. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. मजुरीसाठी आवाज काढायला शिकलेल्या बाईला घरातला आवाज काढणे थोडे सोपे जाते. निपाणीच्या वखारीत बायकांनी ते सिद्ध केले असे मी म्हणत नाही, पण त्यांच्या पाठीशी एक संघटना होती, ही गोष्ट लहान नाही.

पुण्यात विद्या बाळांनी तेच दुसऱ्या टोकाने केले. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा ही तरुण विवाहिता मरण पावली. तिच्या नवऱ्याला खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पण त्याआधीच, ती घटना घडली त्याच वर्षी, विद्याताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच सुरू केला. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन घेऊन त्या गावोगाव फिरल्या. पुढे ‘बोलते व्हा’ या नावाने केंद्र चालवले. आधी ‘स्त्री’ मासिकाचे संपादन केले, मग १९८९ पासून ‘मिळून साऱ्याजणी’ चालवले. वयाच्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत ही बाई हिंसेविरुद्ध बोलत राहिली. ३० जानेवारी २०२० रोजी त्या गेल्या. त्यांच्या मासिकाचे अंक कंग्राळीतही यायचे, एका घरातून दुसऱ्या घरात फिरून चुरगळायचे. आमच्यासारख्या कितीजणींना नवऱ्याने मारणे हा नशिबाचा भाग नाही, एवढे एक वाक्य तिथून मिळाले.

आणि त्याही आधी, १९१९ साली, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. पुढच्याच वर्षी जोगतीण-मुरळीच्या प्रथेविरुद्धही. आपल्या शेजारच्या राजाने केलेली ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. दिल्लीला घरातल्या हिंसेविरुद्ध वेगळा कायदा करायला २००५ साल उजाडले.

ही माणसे मोठी होती. पण ताई, मला त्यांच्या मोठेपणाचीच भीती वाटते. सरकारला त्यांची सवय लागते. सीतव्वा आहेत ना, मग देवदासींचे होईल. एखादी संस्था आहे ना, मग समुपदेशन होईल. गावात कुणी बाई आहेत ना अर्ज लिहून द्यायला. अशी आयुष्ये पेटवून जगणारी माणसे एका पिढीत एका जिल्ह्यात दोन-चार निघतात. ज्या गावात ती निघत नाहीत, त्या गावातल्या बाईने काय करायचे?

डिसेंबर २०२३ मध्ये याचे उत्तर आपल्याच तालुक्याने दिले. होस वंटमुरीत एक तरुण आणि एक तरुणी घर सोडून गेले, आणि त्या रागात तरुणाच्या आईला घराबाहेर ओढून, विवस्त्र करून विजेच्या खांबाला बांधून मारले. त्या दिवसांत सुवर्ण विधानसौधात अधिवेशन चालू होते, सगळे मंत्रिमंडळ बेळगावात होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचा जन्म निपाणीचा. त्यांच्या खंडपीठाने आरोपींवर तर आसूड ओढलाच, पण बघत उभ्या राहिलेल्या गावालाही जाब विचारला. ती मारहाण नवऱ्याने केलेली नव्हती, हे मला माहीत आहे. पण घराघरातल्या मारहाणीकडे ‘त्यांच्या घरचे आहे, आपण कशाला पडा’ म्हणून पाठ फिरवण्याची सवय जिथे लागते, तिथे खांबाला बांधलेल्या बाईकडेही लोक पाहत राहतात. दोन्हींचे मूळ एकच आहे, अशी माझी खात्री आहे.

आपल्या गृहलक्ष्मीबद्दलही बोलायला हवे. महिन्याला दोन हजार रुपये थेट बाईच्या खात्यात जातात, ही लहान गोष्ट नाही. हातात स्वतःचा पैसा आला की बाई ताठ बोलते, हे मी गावात पाहते आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने आपल्याला देते. पण हे पैसे रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. एकत्र घरात ती बहुतेक सासू असते. मार खाणारी सून त्या कार्डावर एक नाव असते, बस्स. तिला बाहेर काढले तर नाव सासरच्या कार्डात आणि ती माहेरी, म्हणजे ना धान्य, ना दोन हजार. तिच्या नावावर गटाचे किंवा मायक्रो फायनान्सचे कर्ज असेल, तर मात्र हप्ता तिच्या मागोमाग माहेरी पोचतो. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल भरला, की त्याच आधारावर तिचे वेगळे कार्ड आणि तिचा गृहलक्ष्मीचा हप्ता सुरू व्हावा, एवढा एक आदेश आपल्या खात्याने अन्न खात्याशी बोलून काढला, तर माहेरी ओझे म्हणून परत ढकलल्या जाणाऱ्या कितीतरी मुलींना चार महिने श्वास घेता येईल.

माझी मुख्य मागणी मात्र एकच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या तालुक्यांत प्रत्येकी एक पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्या. ज्याच्याकडे अंगणवाडी नाही, पोषण आहार नाही, दुसरे काहीच नाही. रात्रीही उचलला जाणारा फोन आणि बोलावले तर येणारी गाडी. कन्नड आणि मराठी दोन्ही येणारी व्यक्ती. घटनेच्या अहवालाचा नमुना दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापलेला, म्हणजे बाई ज्यावर सही करते ते वाचू शकेल आणि न्यायालयालाही अडचण येणार नाही. यात कन्नडचा काही अपमान नाही. सीतव्वांनी कन्नडमध्ये जे काम केले, त्याचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढाच विद्याताईंच्या मराठी कामाचा आहे.

निपाणीचा विचार वेगळा करा. निपाणीहून बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर चाळीसेक. मारातून सुटून निघालेली बाई आधी कोल्हापूरची बस पकडते, कारण ती जवळ आहे आणि तिकडे नातलग आहेत. हिंसाग्रस्त बायकांसाठीचे बेळगावचे सखी केंद्र तिच्यासाठी परगाव आहे. निपाणीतच एक छोटे केंद्र हवे. आणि बेळगाव व कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या महिला व बालविकास खात्यांनी एकत्र बसून ठरवावे, की इकडची बाई तिकडे आली किंवा तिकडची इकडे, तर तिला परत पाठवायचे नाही, कागद आपण पाठवायचे. दोन सरकारे पाणी सोडायच्या प्रश्नावर, पुराच्या काळात अलमट्टीच्या विसर्गावर एकमेकांशी बोलतात. बाईच्या प्रश्नावरही बोलता येईल.

आणखी एक गोष्ट अगदी आमच्या दारातली. कंग्राळीत पोलिसांची प्रशिक्षण शाळा आहे. राज्यभरातून येणारी तरुण पोरे पहाटे आमच्या रस्त्यांवर धावत असतात. हीच मुले उद्या कुठल्यातरी ठाण्यात टेबलामागे बसणार आणि त्यांच्यासमोर एखादी बाई उभी राहणार. “घरचे आहे, मिटवून घ्या” असे त्यांच्या तोंडून निघू नये, म्हणून त्यांच्या अभ्यासात २००५ चा हा कायदा, कलम २७ आणि अशा बाईचा जबाब कसा घ्यायचा याचा सराव किती तास आहे, ते गृहमंत्र्यांकडून एकदा विचारून घ्या. कमी असेल तर वाढवायला सांगा. त्यांना ऐकवायला गावातल्या बायका लागल्या, तर आम्ही येऊ. आमच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पुढच्या हिवाळी अधिवेशनासाठी आपण हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात याल. त्याआधी आपल्या खात्याने एवढे करावे: सीमाभागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे घरपट्टीच्या थकबाकीची यादी लावतात त्याच्या शेजारी, त्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि मोबाईल नंबर कन्नड आणि मराठीत रंगवून घ्यावा, खाली महिला मदतवाहिनीचा १८१ हा क्रमांक. अधिवेशनात या पत्राला उत्तर द्या. कंग्राळी बुद्रुकच्या पंचायतीची भिंत रंगवायला लागणारा रंग आम्ही बायका वर्गणी काढून देऊ. नाव मात्र आपल्याला द्यावे लागेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कंग्राळी बुद्रुक, ता. जि. बेळगाव